ख्रिसमस लाइट शोसाठी मेगा ट्री करायचाय? मग आधी कागदावर उभा करा

घरासमोर गाण्यावर नाचणाऱ्या लाइट्सचा शो करायचा म्हटलं की मधे एका खांबाच्या टोकापासून खाली तिरक्या ओढलेल्या माळांचा तो शंकूसारखा उंच ट्री हवाच, इथे अमेरिकेत त्याला सगळे मेगा ट्री म्हणतात, आणि अख्ख्या शोमध्ये लोकांची नजर सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच असते. म्हणूनच माझं आग्रहाचं सांगणं आहे की पिक्सेल (माळेतला रंग बदलणारा एकेक दिवा), कंट्रोलर (त्या दिव्यांना कधी कसं पेटायचं ते सांगणारी पेटी) काहीही ऑर्डर करायच्या आधी आकडेमोड पूर्ण करा. खरेदी आधी आणि हिशोब नंतर असं केलं की माळा आखूड पडतात किंवा खांब लांब पडतो, आणि ते नोव्हेंबरच्या थंडीत निस्तरायला लागतं.

पहिला प्रश्न, बघणारे लोक कुठून बघणार? गाड्या फक्त समोरच्या रस्त्यावरून जाणार असतील तर अर्धाच ट्री करा, म्हणजे १८० अंशाचा, मागे कोणी बघत नाही तिथे लाइट लावून काय करायचंय. कोपऱ्यावरचं घर असेल तर २७० अंश. पूर्ण ३६० फक्त तेव्हाच जेव्हा ट्री खरंच चारी बाजूंनी दिसतो, कारण तेवढ्याच माळा पूर्ण गोलावर पसरल्या की दोन माळांमधलं अंतर जवळजवळ दुप्पट होतं आणि चित्र विरळ दिसायला लागतं.

आता माप, आणि इथे खरंच थोडा वेळ द्या. शाळेतली शंकूची तिरकस उंची आठवते ना, तीच इथे माळेची लांबी. समजा ५० पिक्सेलची माळ आहे आणि पिक्सेल ४ इंचांवर बसवलेत, तर माळ झाली १९६ इंच, म्हणजे १६ फुटांच्या थोडी वर. पायाची त्रिज्या ४ फूट धरली तर पायथागोरसने ट्रीची सरळ उंची येते जवळजवळ १६ फूट. त्रिज्या ३ वरून ५ फूट केली तरी उंची जेमतेम अर्धा फूटच कमी होते, पण १८० अंशात १६ माळा असतील तर पायथ्याला दोन माळांमधलं अंतर साडेसात इंचांवरून साडेबारा इंचांवर जातं! म्हणजे उंचीची फार काळजी नको, ट्री किती भरीव दिसेल ते पायाच्या रुंदीवर आणि माळांच्या संख्येवर ठरतं. मला स्वतःला जरा सडपातळ ट्रीच आवडतो, त्यावरचे फिरते पट्टे जास्त रेखीव दिसतात.

किती माळा हे तुम्हाला त्यावर काय दाखवायचंय त्यावर ठरवा. गोल फिरणारे पट्टे, खालून वर चढणारे रंग, चमचम, एवढंच हवं असेल तर १६ माळा मस्त चालतात. पण अक्षरं किंवा चित्रं हवी असतील तर विचार करा, एक साधं अक्षर ५ उभ्या ओळी खातं आणि मधे एक मोकळी, म्हणजे १६ माळांवर एका वेळी तीन अक्षरंसुद्धा नीट मावत नाहीत, आणि त्यात वर जाता जाता माळा जवळ येतात म्हणून अक्षर वरून चेपल्यासारखं दिसतं. अशा वेळी ३२ माळा घ्या. ४ फूट त्रिज्येच्या अर्ध्या ट्रीवर ३२ माळांचं पायथ्याचं अंतर ५ इंचांच्या आसपास येतं, पिक्सेलचं उभं अंतर ४ इंच, दोन्ही जवळपास सारखं झालं की चित्र छान उठतं.

हे सगळं विकत न घेता डोळ्यांनी बघता येतं ही सगळ्यात भारी गोष्ट. एक्सलाइट्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात घराचा फोटो टाका, ट्रीचं मॉडेल घ्या, अंश, माळा आणि पिक्सेलचे आकडे भरा आणि इफेक्ट चालवून बघा. १६ आणि ३२ शेजारी शेजारी ठेवून बघितलं की निर्णय आपोआप होतो.

वीज. १२ व्होल्टची ५० पिक्सेलची माळ पूर्ण पांढरी पेटली की साधारण ३ अँपियर म्हणजे ३६ वॅट खाते, १६ माळांचे झाले ५७६ वॅट, म्हणून ३५० वॅटचे दोन पॉवर सप्लाय धरा. प्रत्यक्षात ब्राइटनेस ३० टक्क्यांवर ठेवला तरी रात्री भरपूर उजेड पडतो पण वायर आणि सप्लाय मात्र पूर्ण भाराच्या हिशोबानेच घ्या. १०० पिक्सेलची माळ खालून वर नेऊन परत खाली आणायची असेल, बरेच जण असं करतात, तर कंट्रोलरच्या एका पोर्टवर, म्हणजे माळ जोडायच्या जागेवर, ६ अँपियर येतात आणि तिथला फ्यूज बहुतेक वेळा ५ चा असतो, मग एकतर ब्राइटनेसला सॉफ्टवेअरमध्येच मर्यादा घाला नाहीतर माळेला मधून वेगळी पॉवर द्या. कंट्रोलरची पेटी ट्रीच्या पायाशीच ठेवा, पहिल्या पिक्सेलपर्यंतची वायर लांबली की लाइट वेड्यासारखे लुकलुकतात. आणि बाहेरचं कनेक्शन जीएफसीआय सॉकेटवरूनच (वीज गळाली की लगेच बंद होणारं सॉकेट), यात तडजोड नाही.

खांबाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या कारण पडला तर माणसाला लागेल. माळा जमिनीपासून फूटभर वर सुरू करा, वरती ताऱ्यासाठी दोन फूट धरा, म्हणजे आपल्या उदाहरणात एकूण १९ फूट. त्यासाठी जाड गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि तीन किंवा चार बाजूंनी ओढून बांधलेल्या तारा, त्या तारा जमिनीत स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या अँकरला. माळांच्या भरवशावर खांब उभा ठेवायचा नाही, वाऱ्याचा जोर तारांनीच घ्यायला हवा. खांब आडवा पडला तर कुठपर्यंत पोचेल तेवढ्या गोलात वरून जाणारी विजेची लाइन नको. अँकर बसवायच्या काही दिवस आधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइन ते फुकट खुणा करून देतात. सोसायटीचे नियमही आधीच वाचून घ्या. आणि उत्तरेकडच्या राज्यांत राहत असाल तर अँकर थँक्सगिव्हिंगच्या आधीच बसवा, एकदा जमीन गोठली की ते आत जातच नाहीत. वरच्या टोकाला पुली लावलीत तर माळांची वरची टोकं अडकवलेली कडी खालूनच वर ओढता येते, शिडीवर चढायची गरज कमी.

सामान उन्हाळ्यातच मागवा, पिक्सेल बहुतेक चीनमधून येतात आणि बोटीने आले तर वेळ लागतो. घेताना एक बघा, माळेतल्या दोन पिक्सेलमधली वायर पिक्सेल ज्या भोकांच्या पट्टीत बसवतो तिच्या भोकांमधल्या अंतरापेक्षा थोडी जास्त हवी, ४ इंचांच्या भोकांना नेमकी ४ इंचांची वायर घेतलीत तर ताण बसून सांधे सुटतात. आपल्याकडे अजून एक फायदा आहे, पिक्सेल कुठल्याही रंगाचे होतात, त्यामुळे हाच ट्री दिवाळीला पिवळ्या केशरी रंगात सुरू करता येतो, फक्त मग सगळी कामं महिनाभर आधी ओढा.

माळा पट्टीत बसवल्या की प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना नंबर चिकटवा, सुरुवात कुठून ते बाण काढून दाखवा, आणि गॅरेजच्या जमिनीवर पसरून तासभर लाल, हिरवा, निळा, पांढरा असे आलटून पालटून चालवा, खराब पिक्सेल तिथेच सापडतो आणि खुर्चीत बसून बदलता येतो.