होस्टाची निळी पानं पुसू नका

होस्टा हे रुंद, देखण्या पानांसाठी सावलीत लावलं जाणारं शोभेचं झाड. त्याच्या निळसर जातींच्या पानांवर धूळ दिसली की ओल्या फडक्याने पुसायचा मोह होतो. तो आवरा. पान मुळात हिरवंच असतं; निळी झाक येते ती वरच्या मेणाच्या पातळ थरामुळे. खालच्या एखाद्या पानावर अंगठा घासून बघा, तेवढाच ठिपका गडद हिरवा होईल आणि त्या हंगामात तसाच राहील. कडक ऊन, पानांवर जोरात मारलेलं पाणी, तेलकट फवारे यांनीही हा थर जातो. म्हणून निळ्या जातींना सकाळचं कोवळं ऊन पुरे, नंतर सावली. सोनेरी पानांच्या जातींना थोडं जास्त ऊन चालतं, किंबहुना त्याशिवाय त्यांचा रंग खुलत नाही.

पाणी सकाळीच आणि बुंध्याशी द्या. रात्री ओल राहिली की गोगलगायींचं फावतं, आणि चाळण झालेलं पान काही भरून येत नाही. हिवाळ्यात पानं पिवळी पडून झडली तर घाबरू नका. ही थंडीतली विश्रांती मिळाली नाही, तर झाड वर्षागणिक खुरटत जातं. गड्डा वेगळा करायचा असेल तर वसंतात, टोकदार कोंब जमिनीबाहेर डोकावले की, पानं उलगडण्याआधी.