गिरिपुष्पाचं रान विरळ करण्याआधी

कोयत्याला धार लावायची वेळ अजून तीन-चार महिने लांब आहे. ही तयारी भोर, मुळशी, मावळ, पुरंदर अशा भागात ज्यांच्या वाट्याला एक-दोन एकरांचा डोंगरउतार आला आहे आणि त्यावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणून लावलेलं झाड) माजलंय, त्यांच्यासाठी आहे. सुबाभूळ माजली असेल तरी बहुतेक गोष्टी त्याच लागू पडतात. तोडायचं डिसेंबर-जानेवारीत, पण कामाला लागायचं ते गणपती उठले की लगेच.

तेव्हाच का, याचं कारण साधं आहे. थंडीत गिरिपुष्पाची पानं झडतात, आणि पानगळीच्या रानात अनेक देशी झाडंही तशीच बोडकी उभी असतात. नुसत्या खोडावरून ओळखता येणारी माणसं गावात असतात, पण ती तोडीच्या दिवशी तुमच्याकडे असतीलच असं नाही. म्हणून ओळख पटवून घ्यायची ती पानं अंगावर असताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. गिरिपुष्प आणि करंज यांत नवख्याची हटकून गल्लत होते. करंजाच्या पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) रुंद, जाड, चकचकीत आणि एका पानात थोड्याच. गिरिपुष्पाच्या पर्णिका फिकट, मऊ आणि बऱ्याच जास्त. सुबाभूळ आणि शिरीष-किन्हई यांचीही तीच कथा. पान बारीक आणि काटा नाही म्हणजे सुबाभूळ असं धरून चालाल तर किन्हई हकनाक जाईल. पर्णिका किती बारीक आहेत आणि शेंगा कशा लटकल्यात ते पाहा. जिथे खात्री नाही तिथे चिंधी बांधून सोडून द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरिपुष्प गुलाबी फुलांनी स्वतःच ओळख देतं, तेव्हा पुढच्या वर्षासाठी नोंद होईल.

दुसरं काम कागदाचं. सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. तिथे खाजगी वन किंवा वनखात्याचा कसलाही शेरा दिसला तर तिथेच थांबा आणि आधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जा. 1975 च्या खाजगी वन संपादन कायद्याचा मामला तुमच्या-आमच्या समजुतीने सुटत नाही. शेरा नसेल आणि जमीन ग्रामीण भागात असेल तर 1964 चा महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम पाहायचा. त्याच्या अनुसूचीत, म्हणजे तोडायला परवानगी लागणाऱ्या झाडांच्या यादीत, साग, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ वगैरे झाडं आहेत. गिरिपुष्प त्यात नाही. पण तुमच्या गिरिपुष्पांच्या मधोमध एखादा खैर किंवा जांभूळ उभा असतोच, आणि तो चुकून पडला तरी तो परवानगीशिवाय पडलेलाच ठरतो. जमीन महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर नागरी भागातल्या झाडांचा 1975 चा वेगळा कायदा आहे. तिथे गिरिपुष्पालाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. लाकूड गाडीत भरून बाहेर न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याचंही आधीच विचारून ठेवा. आणि जे विचारायचं ते लेखी विचारा, पोच घ्या.

याच सुमाराला शेजाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीत सांगून टाका. झाडं वाचवण्याचं बोलणारा माणूस झाडं तोडतोय हे दृश्य लोकांना पचत नाही आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं, लवकर वाढतं म्हणून वनखात्याने पुण्याच्या टेकड्यांवर भरपूर लावलं, आणि आता त्याच्याखाली दुसरं काही वर येत नाही, एवढं सांगितलं तरी पुरतं. सरपण गावालाच मिळणार आहे हेही सांगा. ते जास्त लवकर कळतं.

आता पाहणी. माझ्या मते सगळ्या तयारीत हीच खरी, आणि लोक हीच गुंडाळतात. सगळा उतार पायाखाली घाला, आणि वर न पाहता खाली पाहा. गिरिपुष्पाच्या सावलीत दबून बसलेली देशी झाडं गुडघ्याएवढीच असतात: पळस, बोर, भोकर, धावडा, बारतोंडी, मेडशिंगी, करवंदाची जाळी. वणवा, गुरं आणि सावली यांनी वर्षानुवर्षं खच्ची झालेली ही रोपं वरून लहान दिसली तरी मुळांनी जुनी असतात. उजेड मिळाला की नर्सरीतल्या कुठल्याही रोपापेक्षा ती जोरात उठतात. त्यातलं प्रत्येक रोप काठी रोवून, काठीला रंगीत चिंधी बांधून दाखवून ठेवा. तोडणारा माणूस पडत्या फांदीकडे बघत असतो, पायाखाली नाही. जिथे अशा काठ्या दाट झाल्या, तिथला गिरिपुष्प आधी काढायचा. जिथे खाली काहीच नाही, तिथे घाई करण्यात अर्थ नाही. ती जागा उघडी केलीत तर पहिल्या पावसात तिथे घाणेरी आणि रानमोडी ही तणंच येणार.

मग वर पाहा. ढोली आहे का? पिंगळा, तांबट, पोपट, वटवाघळं, कोणाची वस्ती आहे? आग्या मोहोळ आहे का? काही शिकारी पक्षी आणि घुबडं थंडीतच घरटी करतात, त्यामुळे डिसेंबरात घरटी नसतात असं धरू नका. गिरिपुष्पाच्या बेचक्यात उंबर, पायर किंवा पिंपळाचं रोप रुजलं असेल तर ते झाड यादीतून वगळा. परदेशी झाडाच्या खांद्यावर का होईना, एक उंबर मोठा होणार असेल तर तो हरियालांना, कुटुरग्यांना आणि वटवाघळांना तुमच्या सगळ्या लागवडीपेक्षा जास्त खायला घालेल. शेजारच्या देशी झाडावर बांडगूळ दिसलं तर त्यालाही हात लावू नका. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्याच्यावर वाढतात, आणि फुलटोच्या या इवल्या पक्ष्याचं तर पोटच त्यावर. बागेत बांडगूळ काढायची सवय असलेल्यांना हे सांगावं लागतं. वेलीही पाहून ठेवा. गुळवेलीने दोन झाडं एकमेकांना बांधली असतील तर एक पाडताना दुसरं ओढलं जातं. अशा जागी एकतर दोन्ही झाडं ठेवा, नाहीतर वेल आधी हलक्या हाताने सोडवून घ्या.

पाहणीनंतर खुणा. तोडायच्या झाडावरच रंग लावा. ठेवायच्यावर एक आणि तोडायच्यावर दुसरा असा खेळ नको, संध्याकाळच्या उजेडात रंग फसवतात. वनखात्याची जुनी रीत चांगली आहे: एक खूण छातीइतक्या उंचीवर आणि एक बुंध्यापाशी. झाड गेल्यावर खुंटावर खालची खूण उरते आणि बिनखुणेचा खुंट लगेच उघडा पडतो. पहिल्या वर्षी एकूण छत्राच्या (वरच्या फांद्या-पानांच्या छपराच्या) चौथ्या हिश्श्याहून जास्त झाडांवर रंग लावू नका. दहा-पंधरा मीटर रुंदीचे तुटक पट्टे घ्या, तेही उतारावर आडवे. वरून खालपर्यंत सरळ पट्टा उघडलात तर पाऊस त्यातून माती घेऊन उतरेल. नाल्याचा काठ आणि रस्त्याकडेची किनार शेवटच्या वर्षासाठी राखा. उघड्या पट्ट्यातही दोन-चार उंच गिरिपुष्प मुद्दाम ठेवा. बुलबुल आणि कोकीळ त्यावर बसतात आणि बोर, भोकर, कडुनिंब, चंदन यांच्या बिया खाली टाकतात. ही लागवड फुकटची.

रानात मध्येच एखादा मोकळा, खडकाळ, गवताचा तुकडा असेल तर त्याच्या कडेची झाडं यादीत सगळ्यात वर घ्या. तो तुकडा उजाड नाही. पावसाळ्यात सोनकी, जमिनीवरची आमरी (ऑर्किड) आणि कंदवर्गीय फुलं तिथेच येतात, लावे तिथेच चरतात. तिथे नंतर झाडं लावायची नाहीत, हेही आताच वहीत लिहून ठेवा, कारण जूनमध्ये रोपं हातात आली की मोह होतो.

ऑक्टोबर संपायच्या आत एक काम उरकून घ्यायचं. अंगठ्याहून बारीक गिरिपुष्प आणि सुबाभळीची रोपं माती ओली असताना मुळासकट उपटायची. नंतर तीच रोपं पहारीलाही दाद देत नाहीत. रानमोडीही याच दिवसांत, फुलायच्या आधी. घाणेरीला नुसतं वरून कापून काही होत नाही. मातीखाली दोन-तीन बोटं जाऊन, जिथून फुटवे येतात त्याच्या खालून मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. मात्र सगळी घाणेरी एका वर्षात काढू नका. सशाला आणि मुंगसाला दुसरी जाळी तयार होईपर्यंत थोडी राहू द्या.

माणसं ठरवताना दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. काम उक्तं देऊ नका, रोजावर द्या. उक्त्यात वेग येतो आणि वेगात काठ्या-चिंध्या दिसत नाहीत. आणि ‘तोड फुकट करून देतो, लाकूड आमचं’ म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला रानात पाऊल ठेवू देऊ नका. त्याला जाड बुंधे हवे असतात, आणि तुमच्या रानातले जाड बुंधे बहुधा देशी झाडांचे असतात. पेट्रोलवरची करवत चालवणारा सराईत हवा, त्याच्याकडे डोक्याला हेल्मेट, डोळ्याला जाळी किंवा गॉगल आणि पायात बूट हवेत. नसतील तर तुम्ही द्या. बाकी हत्यारं नेहमीचीच: कोयता, कुऱ्हाड, हातकरवत, जाड दोर, पहार. एकट्याने तोड करायची नाही. पालापाचोळ्यात फुरसं आणि घोणस असतात, तेव्हा सर्पदंशावरचं औषध सगळ्यात जवळ कुठल्या सरकारी रुग्णालयात असतं ते आधी जाऊन विचारून या. 108 ला फोन लागेल अशी रेंज रानात कुठे येते ती जागाही सगळ्यांना दाखवून ठेवा.

खुंटाचं काय करायचं ते तोडीआधीच ठरलेलं हवं, कारण गिरिपुष्प तोडल्याने मरत नाही. उलट दसपटीने फुटतं. कुंपणाला त्याचे नुसते खुंट रोवतात ते याचसाठी. उतारावर खुंट उपटायचे नाहीत, माती सुटते. जमिनीलगत कापा, उरलेल्या खुंटाची साल मातीपर्यंत सोलून काढा, आणि मग पहिली दोन वर्षं फुटवे येतील तसे खुडत राहा. हे खुडणं कोण करणार, त्याचं नाव आज वहीत लिहिता येत नसेल तर पट्टा निम्मा करा. विषारी औषध खुंटाला लावायचा सल्ला मिळेल. 2022 साली केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर अधिकृत कीडनियंत्रण चालकांपुरताच ठेवण्याचा आदेश काढला, आणि तसाही नाल्याच्या वरच्या अंगाला मी तो डबा उघडू देणार नाही. खुडलेल्या फुटव्यांचा पाला उत्तम खत आहे. देशी रोपांच्या बुडाशी आच्छादन करा, नाहीतर भातखाचराला द्या.

वाटेपासून लांबची दोन-तीन जाड गिरिपुष्पं न पाडता उभीच मारा. कमरेइतक्या उंचीवर वीतभर रुंदीची साल गोल, पार आतल्या लाकडापर्यंत काढायची आणि खालून येणारे फुटवे तोडत राहायचं. वाळल्यावर त्यात किडे येतात, किड्यांमागे सुतारपक्षी, आणि सुतारपक्ष्याने सोडलेल्या भोकात पुढे दुसऱ्या कोणाचा संसार. पडलेल्या लाकडातलंही काही जाड ओंडके उतारावर आडवे टाकून तिथेच कुजू द्या, पाणीही अडतं. बाकी सरपण जानेवारीअखेर रानाबाहेर गेलंच पाहिजे. वाळलेल्या फांद्यांचे ढीग आणि फेब्रुवारीनंतरचा वणवा यांची गाठ पडली तर काठीला बांधलेल्या चिंध्यांसकट सगळं जातं. तोड सुरू व्हायच्या आधी हद्दीने जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून केलेला पट्टा) काढून घ्या, आणि गवतासाठी डोंगर पेटवायची रीत गावात असेल तर त्या लोकांशी आधीच बोलून ठेवा.

मार्चपासून फुटवे खुडण्याखेरीज रानात काही करायचं नाही. एप्रिल-मेमध्ये उरलेल्या गिरिपुष्पांच्या शेंगा तडतडून फुटतात आणि बिया लांब उडतात. उघड्या पट्ट्याला लागून असलेल्या झाडांच्या शेंगा तेवढ्या हिरव्या असतानाच काढता आल्या तर काढा. खड्डे खणायचा उत्साह आवरा. पहिला पावसाळा नुसता बघण्यात घालवायचा: काय उगवलं, कुठे उगवलं, घाणेरी किती, पळस किती. त्यासाठी तोडीआधीच चार ठिकाणी दगड रंगवून ठेवा आणि दर महिन्याला त्याच दगडावर उभं राहून फोटो काढा. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकत असाल तर तोडीआधीचे दोन महिनेही टाका, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? रोपं लावायची ती दुसऱ्या वर्षी, आणि जिथे आपोआप काही आलं नाही तिथेच. पुढच्या पट्ट्यावर रंग लावायचा की नाही, ते त्या ऑक्टोबरात फुटवे किती खुडून झाले त्यावर ठरवा.