वेफर, लग की डबल फ्लँज? बटरफ्लाय व्हॉल्व्हची बॉडी निवडताना

पहिली नोकरी माहुलच्या रिफायनरीत लागो, तळोज्याच्या केमिकल प्लांटमध्ये लागो किंवा परळच्या टॉवरमधल्या पंपरूमवर, बटरफ्लाय व्हॉल्व्हची (आतली चकती, म्हणजे डिस्क, फिरवून पाइपमधला प्रवाह उघडणारी-बंद करणारी झडप) इन्क्वायरी, म्हणजे सप्लायरकडे भावाची विचारणा, काढायचं काम नव्या मुलांकडे लवकरच येतं. साइज, प्रेशर, लायनरचं (आतल्या अस्तराचं) मटेरियल सगळे नीट लिहितात. बॉडीचा रकाना मात्र रिकामा राहतो, आणि सप्लायर सगळ्यात स्वस्त वेफर कोट करून मोकळा होतो.

तो रकाना भरण्याआधी स्वतःला विचारा: एका बाजूला प्रेशर असताना दुसऱ्या बाजूचा पाइप किंवा पंप कधी सोडवावा लागेल का?

वेफर बॉडी दोन फ्लँजच्या (पाइपच्या टोकांच्या भोकं असलेल्या कड्यांच्या) मध्ये नुसती चिमटलेली असते. लांब स्टड (डोकं नसलेले, आटे असलेले बोल्ट) एका फ्लँजमधून दुसऱ्यात आरपार जातात. एक फ्लँज सोडायचा म्हणजे तेच स्टड सोडायचे, आणि मग व्हॉल्व्हला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. टाकीच्या आउटलेटला वेफर बसवला, तर पंपाच्या दुरुस्तीसाठी अख्खी टाकी रिकामी करावी लागते. अशा जागी लगच मागा.

लगच्या कानांना आटे असतात आणि दोन्ही बाजूंनी वेगवेगळे बोल्ट येतात, त्यामुळे एक बाजू सोडली तरी व्हॉल्व्ह दुसरीवर उभा राहतो. पण लग आहे म्हणून डेड एंडला (पलीकडचा पाइप काढलेल्या टोकाला) पूर्ण प्रेशर चालेल, असं धरून चालू नका. बऱ्याच कॅटलॉगमध्ये डेड एंडचं रेटिंग वेगळं आणि कमी असतं. ते सप्लायरकडून लेखी घ्या, आणि उघड्या तोंडाला ब्लाइंड (भोक नसलेला बंद फ्लँज) लावा.

ज्वलनशील द्रवाच्या लाइनवर वेफर आम्ही टाळतो. आग लागली तर उघडे लांब स्टड तापून लांबतात, फ्लँजवरची पकड सैल होते आणि गळती आगीतच भर घालते.

डबल फ्लँज, म्हणजे दोन्ही बाजूंना स्वतःचे फ्लँज असलेला व्हॉल्व्ह, मोठ्या व्यासाच्या पाण्याच्या लाइनवर दिसतो. वजन जास्त, म्हणून खाली सपोर्ट हवाच. यू-सेक्शन बॉडी दिसायला तशीच असते, पण तिला डेड एंडवर लावू नका.

स्टडच्या लांबीत हमखास चूक होते. ६ इंच वेफर साधारण ५६ मिमी जाड असतो. क्लास १५० चे (अमेरिकन प्रेशर श्रेणीचे) दोन फ्लँज प्रत्येकी सुमारे २५ मिमी, पाऊण इंची दोन नट प्रत्येकी १९ मिमी, आणि दोन्ही टोकांना दोन-दोन आटे बाहेर. बेरीज १५५ च्या आसपास जाते, म्हणून १६० मिमीचे ८ स्टड मागवा. वॉशर असतील तर त्यांची जाडी वाढवा. मुंबईच्या खाऱ्या हवेत साध्या एमएसचे (माइल्ड स्टीलचे) स्टड लवकर गंजतात, तेव्हा गॅल्व्हनाइज्ड घ्या.

लगमध्ये चूक उलटी होते. बोल्ट लांब पडले की आरपार आट्यात दोन्हीकडचे बोल्ट मध्येच एकमेकांना भिडतात. पाना अडतो, फिटरला घट्ट झाल्यासारखं वाटतं, पण फ्लँज दबलेलाच नसतो. टेस्टिंगला तिथेच पाणी झिरपतं.

ड्रिलिंगही, म्हणजे फ्लँजच्या भोकांची मांडणी, लिहा. २०० मिमीच्या पीएन १० (पीएन ही युरोपियन प्रेशर श्रेणी) फ्लँजला ८ भोकं, पीएन १६ ला १२. जुन्या प्लांटमध्ये टेबल ई (जुनं ब्रिटिश फ्लँज मानक) सापडतो: ८ इंचाला पीसीडी (भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) २९२ मिमी, क्लास १५० ला २९८.५. वेफर एखादवेळेस जमवून घेता येतो, लगचे आटे मुळीच नाही. म्हणून जागेवर जाऊन टेपने मोजा.

बसवताना फ्लँज पुरेसे फाकवा आणि डिस्क जेमतेम उघडी ठेवून व्हॉल्व्ह सरकवा. पूर्ण बंद ठेवून आवळला तर लायनर डिस्कवर दाबला जातो आणि नंतर हँडल हलत नाही. रबर लायनर व्हॉल्व्हच्या तोंडापर्यंत आलेला असेल तर गॅस्केट टाकू नका. स्टड हाताने लावून झाले की डिस्क पूर्ण उघडा आणि मगच समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. व्हॉल्व्ह मध्ये असताना फ्लँजला वेल्डिंग करू देऊ नका, लायनर जळतो. फक्त टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा, व्हॉल्व्ह काढा, पूर्ण वेल्डिंग गार झाल्यावर परत बसवा.

एचडीपीईच्या (जाड प्लास्टिक पाइपच्या) लाइनवर स्टब एंडची, म्हणजे फ्लँजसाठी पाइपला जोडलेल्या कॉलरच्या तुकड्याची, भिंत जाड असते, त्यामुळे उघडताना डिस्कची कड आत घासते. ऑर्डर देण्याआधी पाइपचा आतला व्यास मोजून डिस्कच्या फिरण्याच्या मापाशी ताडून पाहा. कमी पडत असेल तर स्टब एंड आतून चॅम्फर करून (कड तिरकी कापून) घ्या किंवा मध्ये स्पेसर टाका.