सौदी-इराण तुलना: अभ्यास सातव्या शतकापासून सुरू करा

सौदी अरेबिया आणि इराण यांच्या राज्यव्यवस्थांची तुलना करायला सांगितली की नवखा विद्यार्थी १९७९ च्या क्रांतीपासून सुरुवात करतो. तेल येते, अमेरिका येते, शेवटी 'शिया-सुन्नी वाद' एवढे दोन शब्द लिहून उत्तर संपते. पण वाद नेमका कशावरून, हे विचारले की गाडी अडते. पैगंबरांचा वारस कोण, या वादाचे मूळ ६३२ मधल्या त्यांच्या निधनानंतरच्या पहिल्या तीस वर्षांत आहे, आणि तेवढा भाग नीट केला तर आजच्या दोन्ही राज्यघटना वाचायला फार वेळ लागत नाही.

हद्द आधी आखून घ्या: ६१० ते ७५०. पैगंबरांना पहिला साक्षात्कार झाला तिथपासून उमय्या घराण्याची सत्ता जाऊन अब्बासी आले तिथपर्यंत. अब्बासींची राजधानी बगदाद वसली ७६२ मध्ये; ते दुसऱ्या फेरीत.

पुस्तक उघडण्याआधी एका कोऱ्या कागदावर पैगंबरांच्या कुरैश टोळीचा वंशवृक्ष काढा. वर अब्द मनाफ, खाली त्याचे दोन मुलगे हाशिम आणि अब्द शम्स. हाशिमच्या बाजूला अब्दुल मुत्तलिब, आणि त्याच्या मुलांपैकी तिघे: अब्दुल्ला (पैगंबरांचे वडील), अबू तालिब (पैगंबरांचे जावई आणि चौथे खलिफा, म्हणजे पैगंबरांच्या मागे समाजाचे प्रमुख, अली यांचे वडील) आणि अब्बास, ज्यांच्या नावाने पुढे अब्बासी घराणे ओळखले गेले. दुसऱ्या बाजूला अब्द शम्सचा उमय्या, त्याच्या एका फांदीवर अबू सुफियान व मुआविया, दुसरीवर तिसरे खलिफा उस्मान आणि मरवान. हा कागद समोर असला की ६५६ मध्ये उस्मान यांची हत्या झाल्यावर मुआवियाने सूड का मागितला, हे पाठ करावे लागत नाही. भाऊबंदकी मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

नावांत घोटाळा ठरलेला. 'इब्न' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'अबू' म्हणजे अमक्याचा बाप. ही आडनावे नव्हेत. नुसते 'उमर' लिहिले तर दुसरे खलिफा (६३४-६४४) की उमय्या घराण्यातले उमर इब्न अब्दुल अझीझ (७१७-७२०), हे कळत नाही. झुबैर आणि त्यांचा मुलगा अब्दुल्ला इब्न झुबैर यांचीही अशीच गल्लत होते. बाप ६५६ मध्ये उंटाच्या लढाईत अलींच्या विरोधात उभा होता. मुलाने ६८३ ते ६९२ मक्केत स्वतःची खिलाफत चालवली. पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव लिहायचेच, असा नियम करा.

सनांचे गणित एकदाच शिकून घ्यावे. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. हिजरी आकड्याला ०.९७०२ ने गुणा आणि ६२१.५७ मिळवा, येते ती त्या वर्षाची सुरुवात. अलींचे पुत्र हुसेन मारले गेले त्या करबलाच्या लढाईचे सन ६१ घेतले तर उत्तर ६८०.७५, म्हणजे ६८० चा ऑक्टोबर. घाईत ६२२ धरणाऱ्याला ६८१ मिळते आणि तारीख चुकते. मोडी कागद वाचणाऱ्यांनी जास्त जपावे: शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की भागते, कारण ते वर्ष सौर आहे. ती सवय हिजरीला लावली की सगळेच बिघडते.

आता साधने. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पैगंबरांचे निधन ६३२ चे. त्यांचे सविस्तर चरित्र लिहिणारा इब्न इसहाक वारला ७६७ च्या सुमारास, आणि त्याचा ग्रंथ आपल्यापर्यंत मुख्यतः इब्न हिशामने (मृत्यू ८३३) संपादित केलेल्या रूपात पोचतो. इतिहासकार तबरी तर ९२३ मध्ये गेला. म्हणजे कथन आणि घटना यांच्यात शतकाहून जास्त अंतर. तबरी एकाच घटनेच्या दोन-तीन हकिकती, कोणी कोणाकडून ऐकली त्या साखळीसह, शेजारी शेजारी ठेवतो. विद्यार्थी त्यातली सोयीची एक उचलून 'तबरी म्हणतो' असे लिहितो. 'तबरीने अमक्याच्या हवाल्याने दिलेली हकिकत' असे लिहावे.

समकालीन पुरावा थोडा आहे, पण पक्का आहे. इजिप्तमधला ६४३ चा ग्रीक-अरबी पपायरस, ज्यावर हिजरी २२ हे वर्ष आहे. जेरुसलेमच्या 'डोम ऑफ द रॉक' या वास्तूतला हिजरी ७२ चा लेख. उमय्या खलिफा अब्दुल मलिकने हिजरी ७७ मध्ये काढलेली चित्राविना, फक्त मजकुराची सोन्याची नाणी. बर्मिंगहॅमच्या कुराण-पानांचा काळ ५६८ ते ६४५ असा निघाला आहे, पण तो चामड्याचा, शाईचा नव्हे. हा फरक न लिहिणाऱ्याचे गुण जावेत.

एवढे झाले की तीन शब्द घ्या: बैअत, शूरा, विलायत.

बैअत म्हणजे हातात हात देऊन निष्ठेची शपथ. ६३२ मध्ये मदिनेत सकीफाच्या बैठकीत पहिले खलिफा अबू बक्र यांना ती मिळाली. आज सौदीच्या १९९२ च्या मूलभूत कायद्यात नागरिक राजाला बैअत देतात असे कलम ६ आहे, आणि वारस ठरवण्यासाठी २००६ मध्ये नेमलेल्या राजपुत्रांच्या मंडळाच्या नावातही हाच शब्द आहे.

शूरा म्हणजे सल्लामसलत. उमर यांनी मृत्युशय्येवर सहा जणांची शूरा नेमली, तिने ६४४ मध्ये उस्मान यांना निवडले. सौदीच्या मजलिस अल-शूरात १५० सदस्य, सगळे राजाने नेमलेले, काम सल्ल्याचे. इराणच्या संसदेच्या नावातही 'शूरा' आहे, पण तिथले २९० सदस्य मतदानाने येतात. शब्द एकच, संस्था वेगळ्या. तुलनेचे उत्तर इथून सुरू करावे.

विलायत हा शब्द मराठीत इंग्लंडला जाऊन बसला, त्यामुळे जरा हसू येते. मूळ अर्थ अधिकार किंवा पालकत्व. ६३२ मध्ये गदीर खुम्म इथे पैगंबरांनी अलींना 'मौला' म्हटले. शिया त्याचा अर्थ वारस असा घेतात, सुन्नी मित्र किंवा साहाय्यक असा. अलींच्या वंशातले बारावे इमाम (शियांचे धर्मनेते) ८७४ मध्ये अदृश्य झाले अशी शियांची श्रद्धा आहे, मग त्यांच्या गैरहजेरीत अधिकार कोणाचा? पुढे इराणच्या क्रांतीचे नेते झालेले खोमेनी यांनी १९७० मध्ये नजफच्या व्याख्यानांत दिलेले उत्तर म्हणजे विलायत-ए-फकीह (धर्मशास्त्रज्ञाचे पालकत्व), आणि इराणच्या १९७९ च्या घटनेचा कणा तोच. सर्वोच्च नेत्याला ८८ जणांचे तज्ज्ञमंडळ निवडते. त्या मंडळाच्या उमेदवारांना चाळणी लावते बारा जणांचे पालकमंडळ. आणि त्या बारांतले सहा नेमतो सर्वोच्च नेताच. ही साखळी गोल काढून दाखवा, परिच्छेदभर वर्णन वाचते.

मात्र सातव्या शतकाने सगळेच उलगडते असे मानणे ही उलट चूक. इराण शिया झाला तो १५०१ नंतर सफवी राजघराण्याच्या काळात. त्याआधी तिथे सुन्नी बहुसंख्य होते. १९७० च्या दशकात शहांचा इराण आणि सौदी राजघराणे दोघेही अमेरिकेचे आधारस्तंभ होते, पंथ तेव्हाही वेगळेच होते. इराणने सुन्नी हमासला मदत केली आहे. सौदीने तिथले शिया धर्मगुरू शेख निम्र यांना मृत्युदंड दिल्यावर जानेवारी २०१६ मध्ये तुटलेले संबंध मार्च २०२३ मध्ये पुन्हा जोडले गेले ते बीजिंगमध्ये, आणि तिथे गदीर खुम्मचा काही संबंध नव्हता.