ड्रोनच्या फोटोंतून फिरता गोल पॅनोरमा: हवेत काय करायचं, टेबलावर काय

गोल पॅनोरमा म्हणजे चारही दिशा, वर आणि खाली असं सगळं एकत्र दाखवणारं, स्क्रीनवर फिरवून पाहायचं चित्र. बऱ्याच ड्रोनच्या ॲपमध्ये त्यासाठी ‘स्फिअर’ नावाचा पर्याय असतो. तो निवडला की ड्रोन जागच्या जागी वळत, कॅमेरा वर-खाली करत पंचवीस-तीस फोटो काढतो आणि जोडलेलं चित्र तुमच्या हाती ठेवतो. मित्रांना दाखवायला तेवढं पुरे. पण ते चित्र मूळ फोटोंच्या मानाने बरंच लहान असतं आणि आकाशाचा माथा ॲपने स्वतःच्या अंदाजाने रंगवलेला असतो. म्हणून आधी सेटिंगमध्ये जा आणि पॅनोरमाचे मूळ फोटो जपून ठेवण्याचा पर्याय चालू करा, जमलं तर रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइल म्हणून. पुढचं सगळं काम त्या मूळ फोटोंवर करायचं आहे.

मी पॅनोरमा शिकलो ते ट्रायपॉडवर, ड्रोन नंतर आला. जमिनीवर सगळी डोकेदुखी पायाखाली असते: ट्रायपॉडचे पाय, त्याची सावली, स्वतःचे बूट. हवेत उलटं आहे. कॅमेरा सरळ खाली पाहू शकतो, त्यामुळे पायाखालचा फोटो स्वच्छ मिळतो. त्रास देतं ते डोक्यावरचं आकाश. त्याच्या जोडीला आणखी एक भानगड असते, फार खाली उडण्याची हौस. या दोन गोष्टींचा निकाल उड्डाणातच लागतो. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, सॉफ्टवेअर कितीही महागडं असो.

उंची जमिनीपासून मोजू नका

फोटो जोडण्याचं सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे: प्रत्येक फोटो एकाच बिंदूवरून काढलेला आहे. ट्रायपॉडवर खास पॅनोरमा हेड लावून तो बिंदू मिलिमीटरपर्यंत साधता येतो. ड्रोन मात्र जीपीएसच्या भरवशावर तरंगत असतो. कित्येक ड्रोनच्या माहितीपत्रकात आडव्या दिशेची अचूकता ±१.५ मीटर लिहिलेली असते. वारा पडलेला असेल तर प्रत्यक्षात तो त्याहून कमी हलतो, पण अर्धा मीटर इकडे-तिकडे धरून चालावं.

आता हिशोब करू. ड्रोन अर्धा मीटर सरकला आणि समोरची वस्तू २० मीटरवर असेल, तर तिची दिशा जवळपास १.४ अंशांनी बदलते. ८,००० पिक्सेल रुंद पॅनोरमात एका अंशाला सुमारे २२ पिक्सेल येतात. म्हणजे दोन फोटोंत तीच वस्तू ३० पिक्सेल इकडे-तिकडे. गच्चीचा कठडा मधेच तुटणार, विजेची तार दोन ठिकाणी दिसणार. तीच वस्तू १०० मीटरवर असेल तर फरक ०.३ अंश, म्हणजे सहा-सात पिक्सेल. तेवढं ब्लेंडिंगमध्ये, म्हणजे फोटोंच्या कडा एकमेकींत मिसळताना, मुरून जातं.

म्हणून मी उंची जमिनीपासून मोजत नाही, सर्वांत जवळच्या वस्तूपासून मोजतो. ड्रोन ६० मीटरवर आहे पण शेजारी ५० मीटरचा मनोरा उभा आहे, तर तुम्ही मनोऱ्याच्या कुशीत आहात. जवळची वस्तू निदान ४० मीटर लांब हवी. फार वर जाण्यातही मजा नाही. बऱ्याच देशांत १२० मीटरची मर्यादा आहेच, पण ती नसती तरी मी तिथवर गेलो नसतो. तिथून माणसं दिसेनाशी होतात आणि पाहणाऱ्याला नकाशा पाहिल्यासारखं वाटतं. मला ५० ते ८० मीटर आवडतात: छपरांचे रंग कळतात, रस्त्यावरची वर्दळ कळते.

वाऱ्याचं आणखी एक. ड्रोन जागेवर टिकून राहण्यासाठी वाऱ्याच्या दिशेला झुकतो. कॅमेरा वाऱ्याकडे तोंड करून असेल आणि थोडा वर पाहत असेल, तर पुढच्या पंखांची टोकं फोटोच्या वरच्या कोपऱ्यांत घुसतात. ती काढत बसणं हे कंटाळवाणं काम आहे, त्यामुळे शांत हवेची वाट पाहणं स्वस्त पडतं.

सगळे फोटो एकाच मापाने

ऑटो एक्स्पोजर बंद. सूर्याकडचा फोटो आणि त्याच्या पाठीकडचा फोटो यांच्या उजेडात कितीतरी फरक असतो, आणि ऑटोवर ठेवलं की कॅमेरा प्रत्येक वेळी तो फरक भरून काढायला जातो. जोडल्यावर आकाशात फिकट-गडद पट्टे पडतात. मॅन्युअल लावा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, आणि शटर असा निवडा की सूर्याच्या आसपासचे ढग जळणार नाहीत. खुद्द सूर्य जळला तर जळू द्या. सावलीतला अंधार रॉ फाइलमधून वर काढता येतो, जळलेल्या ढगात मात्र काढण्यासारखं काही उरत नाही. व्हाइट बॅलन्सही (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) ठरावीक आकड्यावर ठेवा, उदाहरणार्थ ५,५०० केल्विन.

वेळ निवडताना सूर्य क्षितिजाला टेकलेला नको. साध्या फोटोत ती वेळ सुंदर दिसते, पण इथे सगळ्या दिशा एकदम दाखवायच्या असतात आणि अर्धा गोल काळवंडतो. सूर्य ३०-४० अंशांवर असताना सावल्यांना आकारही असतो आणि उजेडही सांभाळता येतो.

ड्रोनला ‘स्फिअर’ पर्याय नसेल तर हाताने काढा, अवघड नाही. २४ मिमीच्या तोडीची लेन्स आणि ४:३ चा फोटो असेल तर एका फोटोत आडवे सुमारे ७१ अंश आणि उभे सुमारे ५७ अंश मावतात. दर ४५ अंशांनी वळत आठ फोटोंची एक ओळ घ्या. कॅमेरा जेवढा वर जाईल तेवढा वर नेऊन पहिली ओळ, मग शून्यावर (सरळ क्षितिजाकडे), मग उणे ३० वर आणि उणे ६० वर, शेवटी सरळ खाली दोन. ओव्हरलॅप एक तृतीयांशाच्या आसपास पडतो. वळल्यावर दोन सेकंद थांबून मगच बटण दाबा.

जोडणी

फोटो जोडणारी दोन सॉफ्टवेअर मी वापरतो: हगिन फुकट आहे, पीटीगुई विकत मिळतं. घाई असेल तेव्हा पीटीगुई. नव्या माणसाने हगिनपासून सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण त्यात काय चाललंय ते उघड दिसतं.

आधी रॉ फोटो एकसारख्या सेटिंगने डेव्हलप करून टिफमध्ये काढा. एका फोटोवर जे केलं तेच सगळ्यांवर, ऑटो काहीही नको. लेन्सची विकृती डेव्हलपरमध्येही दुरुस्त करायची आणि हगिनमध्येही, असं करू नका. ते काम मी हगिनवर सोडतो.

हगिन शेजारच्या फोटोंत समान बिंदू शोधतं, त्यांना कंट्रोल पॉइंट म्हणतात. इथे यंत्रावर आंधळा विश्वास नको. धावती वाहनं, लाटा, सरकते ढग यांच्यावर बसलेले बिंदू काढून टाका. ढगांसाठी हगिनमध्ये ‘सेलेस्ट’ नावाची सोय आहे, बाकीचे हाताने. मग ऑप्टिमाइझ, म्हणजे हे बिंदू एकमेकांवर बसतील असं फोटो जुळवणं, टप्प्याटप्प्याने: आधी फक्त फोटोंच्या दिशा, मग लेन्सचा कोन, शेवटी लेन्सची विकृती. सरासरी चूक दोन-तीन पिक्सेलपर्यंत आली की थांबा. शून्याच्या मागे लागून बिंदू पुसत सुटलात तर आकडा सुंदर होतो आणि चित्र बिघडतं.

नुसत्या निळ्या आकाशाच्या फोटोत समान बिंदू सापडणारच नाहीत. अशा फोटोंची दिशा आपल्याला माहीत असते: ओळीत ४५ अंशांनी पुढे, कॅमेऱ्याचा कोन अमुक. ते आकडे हाताने भरा आणि त्या फोटोंना ऑप्टिमायझरपासून दूर ठेवा. पीटीगुईत ‘अलाइन टू ग्रिड’ हेच काम करतं.

मग क्षितिज. सपाट पसरलेल्या चित्रात ते एका लाटेसारखं वर जाऊन खाली येत असेल, तर सगळा गोलच कलंडलेला आहे असं समजा. इमारतींच्या उभ्या कडांवर ‘व्हर्टिकल’ प्रकारचे बिंदू द्या, निरनिराळ्या दिशांना निदान तीन-चार ठिकाणी, आणि पुन्हा ऑप्टिमाइझ करा. हे टाळू नका. स्क्रीनवर फिरवताना दोन अंशांचा कलसुद्धा लगेच जाणवतो.

निर्यात इक्विरेक्टँग्युलर प्रक्षेपणात (आख्खा गोल उलगडून केलेला सपाट आयत), ३६० बाय १८० अंश, म्हणजे रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट. १२ मेगापिक्सेलच्या फोटोंतून सतरा हजार पिक्सेलच्या आसपास रुंदी सहज मिळते. ते मोठं टिफ जपून ठेवा, वेबसाठी वेगळी प्रत काढू.

आकाशाचं भोक

गिंबल, म्हणजे कॅमेरा वर-खाली वळवणारा जोड, २० अंश वर जातो असं धरू. त्यात फोटोच्या उभ्या कोनाचा अर्धा भाग मिळवा, म्हणजे ४८ अंशांपर्यंतचं आकाश हाती आलं. वरचे ४२ अंश रिकामे. ४,००० पिक्सेल उंच चित्रात ती वरची सव्वानऊशे पिक्सेलची पट्टी. काही ड्रोनचा गिंबल ६० अंशांपर्यंत वर जातो. तुमचा तसा असेल तर हा भाग वाचायची गरजच नाही.

भरताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: इक्विरेक्टँग्युलर चित्राची सर्वांत वरची आख्खी ओळ म्हणजे आकाशातला एकच बिंदू. त्या ओळीत डावीकडे निळा आणि उजवीकडे पांढरा रंग राहिला, तर वर पाहणाऱ्याला माथ्यावर छत्रीच्या काड्यांसारख्या रेषा दिसतात. निरभ्र आकाश असेल तर सोपं आहे. उपलब्ध आकाशाची वरची कड ताणून माथ्यापर्यंत न्या आणि तिला आडवा ब्लर द्या, जसजसं वर जाल तसतसा जास्त. शेवटची ओळ एकाच रंगाची झाली पाहिजे.

ढग असतील तर सपाट चित्रावर रंगवू नका. हगिनमध्ये पॅनोरमा ९० अंशांनी कलवून माथ्याचा साधा, न ताणलेला चौकोन काढा, तो दुरुस्त करा आणि परत बसवा. ॲफिनिटी फोटो या एडिटरमध्ये इक्विरेक्टँग्युलर चित्र फिरवत थेट रंगवता येतं, ते जास्त सुटसुटीत. त्या जागी मी त्याच वेळी जमिनीवरून फोनने काढलेलं आकाश लावतो. दुसऱ्या दिवसाचे नाट्यमय ढग आणून चिकटवणाऱ्यांशी माझं जमत नाही. खाली सावली एकीकडे, वर उजेड भलतीकडे.

शेवटी चित्र अर्ध्या रुंदीने बाजूला सरकवा. गिंप या एडिटरमध्ये त्यासाठी ‘ऑफसेट’ आहे. डावी-उजवी कड आता मधोमध येते. तिथे रेघ दिसली तर पुसा, आणि चित्र पुन्हा मूळ जागी आणा.

वेबवर फिरवणं

फाइलमध्ये ती गोलाकार असल्याची खूण असावी लागते; एडिटर ती कधी कधी पुसून टाकतात. फाइलमधली माहिती बदलणाऱ्या एक्झिफटूलने प्रोजेक्शन टाइपच्या जागी इक्विरेक्टँग्युलर लिहिलं की अनेक ॲप चित्र आपोआप फिरवून दाखवतात. स्वतःचं पान बनवायचं नसेल तर कुलासारख्या ऑनलाइन पॅनोरमा सेवेवर चढवा, झालं.

मला स्वतःच्या पानावर ठेवलेलं बरं वाटतं. त्यासाठी पॅनेलम, वेबपानात पॅनोरमा फिरवून दाखवणारं सॉफ्टवेअर: मोफत, हलकं, एका छोट्या कॉन्फिग फाइलवर चालणारं. ते नुसतं डबल क्लिक करून उघडू नका, ब्राउझर स्थानिक फाइल वाचायला नकार देतो; संगणकावरच छोटा सर्व्हर चालवा.

सुरुवातीचा पिच (नजर क्षितिजाच्या किती अंश वर किंवा खाली) उणे १५ ते उणे २० ठेवा. क्षितिजावर शून्याने उघडलं तर अर्धा पडदा नुसतं आकाश. कमाल पिच ४० वर अडवता येतो, मग माथ्यावरची रंगवलेली बाजू कुणाला दिसतच नाही. आकाश न भरता भागवायचं असेल तर ही पळवाट चांगली आहे, फक्त व्हीआर हेडसेट घालणारा मान वर करणारच.

हॉटस्पॉट म्हणजे चित्रावरची क्लिक करायची खूण. तिची जागा काढायला हिशोब सोपा. पिक्सेलची आडवी जागा भागिले रुंदी, गुणिले ३६०, वजा १८०: हा यॉ, म्हणजे डावी-उजवी दिशा. ९० वजा, उभी जागा भागिले उंची गुणिले १८०: हा पिच. ८,००० बाय ४,००० च्या चित्रात ५,००० आणि २,६०० वरची वस्तू म्हणजे यॉ ४५, पिच उणे २७. गंमत अशी की जमीन सपाट असेल आणि ड्रोन ८० मीटरवर असेल, तर त्याच उणे २७ वरून वस्तूचं आडवं अंतरही निघतं: सुमारे १५७ मीटर. आकडेमोड नको असेल तर पॅनेलममध्ये हॉटस्पॉट डीबग चालू करा आणि हव्या त्या जागी क्लिक करा, कोन ब्राउझरच्या कन्सोलमध्ये छापले जातात. एका दृश्यात पाच-सहापेक्षा जास्त हॉटस्पॉट ठेवू नका. अनेक दृश्यं जोडताना प्रत्येकाचा नॉर्थ ऑफसेट (चित्राचा मध्य उत्तर दिशेपासून किती अंशांवर आहे तो आकडा) भरा, म्हणजे एकातून दुसऱ्यात उडी मारली तरी दिशा तीच राहते.

सतरा हजार पिक्सेलचं चित्र अख्खं पाठवू नका. बऱ्याच फोनचं ग्राफिक्स ४,०९६ किंवा ८,१९२ पिक्सेलच्या पुढची प्रतिमा उघडतच नाही. पॅनेलमसोबत येणारी पायथन स्क्रिप्ट चित्राचे घनाच्या सहा बाजूंवर निरनिराळ्या आकाराचे तुकडे करते. त्यासाठी संगणकावर हगिन असावं लागतं, ते आपल्याकडे आहेच. मग पाहणारा जेवढं झूम करेल तेवढेच तुकडे उतरतात. फोन हलवून फिरवण्याची सोय हवी असेल तर पान एचटीटीपीएसवर ठेवा, आणि आयफोनवर बटण दाबून परवानगी घेतल्याशिवाय ती सुरू होत नाही हेही तपासून घ्या.