अमेरिकेत पोलिसांनी गाडी थांबवली? या चुका टाळा

मागे लाल-निळे दिवे चमकले की दार उघडून 'साहेब, काय झालं?' करत पोलिसाकडे चालत जाऊ नका. आपली ही सवय तिथे धोक्याची ठरते. गाडीतच बसा, हात स्टिअरिंगवर ठेवा. 'उतरा' म्हणाला तर मात्र उतरायचं. १९७७ पासून सुप्रीम कोर्टाची त्याला मुभा आहे.

'माझी माहिती कॉम्प्युटरवर का काढता?' म्हणून वाद घालण्यातही अर्थ नाही. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स आणि तुमच्या नावावर वॉरंट आहे का, हे नेहमीच्या तपासणीतच येतं. न्यू जर्सीत (एडिसनला आपली मंडळी बरीच, म्हणून सांगतो) १९९८ च्या डोनिस निकालाने नुसत्या नंबर प्लेटवरून होणाऱ्या तपासणीला थोडा लगाम घातला. आधी लायसन्स-रजिस्ट्रेशन चालू आहे का, गाडी चोरीची आहे का, एवढंच दिसावं. मालकाची खासगी माहिती पुढे काही कारण निघालं तरच.

खरी मर्यादा वेळेची आहे. नेब्रास्कात रॉड्रिग्ज नावाच्या माणसाची गाडी रस्त्याच्या कडेला गेली म्हणून थांबवली. लेखी ताकीद दिली, कागद परत केले आणि मग अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्याकडून गाडी हुंगवायला त्याला आणखी सात-आठ मिनिटं अडकवलं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं, वाजवी संशय नसेल तर दंडाचं काम उरकल्यावर तेवढंही थांबवता येत नाही. गंमत म्हणजे रॉड्रिग्ज सुटला नाहीच. पोलीस तेव्हाच्या नियमांना धरून वागले म्हणून खालच्या कोर्टाने गाडीत सापडलेल्या अमली पदार्थांचा पुरावा कायम ठेवला.

आणि हे संरक्षण आपण भिडेखातर घालवतो. तिकीट देऊन झाल्यावर पोलीस सहज विचारतो, 'गाडीत जरा बघितलं तर चालेल ना?' आपण 'शुअर, शुअर' म्हणतो. झाली संमती! 'नो, ऑफिसर. ॲम आय फ्री टू गो?' एवढं शांतपणे म्हणा. तरीही झडती घेतलीच तर अडवू नका, वेळ लक्षात ठेवा; भांडण वकिलामार्फत कोर्टात.

इन्शुरन्स कार्डाची कागदी प्रत गाडीत असू द्या, म्हणजे अनलॉक केलेला फोन पोलिसाच्या हाती द्यावा लागत नाही. अटक झाली तरी फोन तपासायला सहसा वॉरंट लागतं, हा २०१४ चा निकाल आहे.

'लायसन्स आहे ना, मग पुरे' हेही चुकीचं. नागरिक नसलेल्या १८ वर्षांवरच्या माणसाने ग्रीन कार्ड किंवा आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद) जवळ बाळगणं सक्तीचं आहे. फिरायला आलेल्या आई-बाबांनीसुद्धा.