उन्हाळ्यात अंगणातल्या टाकीतले मासे वाचवायची सोपी युक्ती

एप्रिल-मे मध्ये नाशकात पारा ४० ला टेकला की अंगणातल्या छोट्या टाकीचं पाणी दुपारी अक्षरशः कोमट होतं, आणि गोल्डफिश वर येऊन तोंड उघडत बसतात, बघवत नाही. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो म्हणून.

१. हिरवी शेडनेट (५० किंवा ७५ टक्के ऊन अडवणारी, नर्सरीत लावतात तीच) आणा आणि टाकीच्या वर दोन-तीन फुटांवर बांधा, पाण्याला चिकटवून नको, मधून वारा खेळला पाहिजे. पश्चिमेची बाजू खालपर्यंत झाका, खरं ऊन दुपारी तिकडूनच येतं.

२. एअर पंप रात्रभर चालू ठेवा. पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो.

३. खाणं निम्मं करा आणि ते सकाळी लवकरच टाका.

फार तापलं तर पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, झाकण लावूनच टाकीत तरंगत सोडा, एकावेळी एकच.

एक सांभाळा, नळाचं गार पाणी थेट ओतू नका, त्यात क्लोरीन असतं आणि एकदम गारठ्याने मासे दगावतात. बादलीत दिवसभर उघडं ठेवून मग थोडं थोडं घाला.